मदत हवी आहे : पटकथेतली पटकथा कागदावर वेगळी कशी ओळखू यावी?

लिखाण अडलेल्या एका पटकथालेखकावर मी विनोदी पटकथा लिहीत आहे. तो जे दृश्य खोडतो, ते आपल्यासमोर घडता घडता थांबते आणि त्यातली पात्रे त्याच्याच स्वयंपाकघरात येऊन जाब विचारू लागतात. उदाहरणार्थ, खोडलेला इन्स्पेक्टर ओट्याशी उभा राहून विचारतो, "माझे वाक्य अर्धेच का ठेवलेत?" पडद्यावर हे रंगाने किंवा प्रकाशाने सहज कळेल, पण पहिले वाचन करणाऱ्या तिघांपैकी दोघांना साधारण चाळिसाव्या पानानंतर कोणते दृश्य 'खरे' आणि कोणते लेखकाच्या मसुद्यातले, हेच उमगेनासे झाले.

मसुद्यातली दृश्ये तिरप्या अक्षरांत छापून पाहिली, पण वाचताना डोळे शिणतात. प्रत्येक दृश्यशीर्षकात 'मसुदा' असे लिहिले, तर गोंधळ मिटतो खरा, पण विनोद आधीच फुटतो, आणि मला तेच नको आहे. निवेदकाचा आवाज वापरायचा नाही, हे पक्के आहे. पटकथालेखक चार्ली कॉफमन यांचा 'अडॅप्टेशन' (2002) हा चित्रपट पाहिला आहे. स्वतःच्या काल्पनिक जुळ्या भावालाही पटकथेचे श्रेय आणि ऑस्करचे नामांकन मिळवून देणारा तो खट्याळपणा मला फार आवडतो, परंतु माझी अडचण कागदावरच्या मांडणीची आहे.

संपूर्ण पटकथा 105 पानांची आहे आणि ती दिग्दर्शकाला नव्हे, तर आधी निर्मात्याला वाचायला द्यायची आहे. अशी दुहेरी पटकथा ज्यांनी लिहिली किंवा वाचली आहे त्यांनी कृपया सांगावे : वाचकाला स्तर बदलल्याचे कळावे, पण विनोदाच्या एक ओळ आधी नव्हे, यासाठी दृश्यवर्णनात नेमकी कोणती खूण करावी?