घरकुलाचा दुसरा हप्ता येईना, तोवर भाडं कुठून भरू? मदत हवी आहे

मराठवाडी_गडी:
आईच्या नावाने घरकुल मंजूर झालं, जुनं पत्र्याचं घर पाडलं, पहिल्या हप्त्यात आणि उसनवारीत जोतं बांधून झालं, आता दुसरा हप्ताच येईना. ग्रामसेवक म्हणतो पंचायत समितीत जा, तिथे म्हणतात वरून येईल, वरून म्हणजे कुठून ते कुणी सांगत नाही. सध्या गावातच भाड्याच्या खोलीत आहोत, महिना दीड हजार, आणि पाऊस तोंडावर आलाय. बांधकाम होईपर्यंत सरकार भाडं देतं असं ऐकलंय, फॉर्म कुठे मिळेल? लवकर सांगा प्लीज

कोकणचा_वारा:
योजना कुठली? पंतप्रधान आवास, रमाई, शबरी, मोदी आवास?

मराठवाडी_गडी:
घरकुल हो. यादीत नाव आलं होतं तेच.

सगळं_माहितीये:
जागा नावावर नसेल तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत अर्ज टाका, पूर्वी ५० हजार होते आता १ लाखापर्यंत देतात.

मराठवाडी_गडी:
अहो जागा आहे! जोतं झालंय म्हणून लिहिलंय ना वर.

रिटायर्ड_ग्रामसेवक:
पंतप्रधान आवास धरून सांगतो. सपाट भागात १ लाख २० हजार, माझ्या वेळी हप्ते १५, ७०, ३० आणि शेवटी ५ हजार असे पडायचे. जोत्याचा फोटो जिओ टॅग (म्हणजे नेमक्या जागेच्या नोंदीसह) झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि तुम्ही काढलेला फोटो चालत नाही, गृहनिर्माण अभियंत्याने जागेवर येऊन ॲपमधून काढावा लागतो. तो आला होता का? भाड्याचं मात्र डोक्यातून काढा, ग्रामीण योजनेत तशी तरतूदच नाही.

मुंबईकर_मूळ_बीड:
हेच पटत नाही. इथे झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डरला भाडं द्यावं लागतं, मग गावच्या माणसाने घर पाडून राहायचं कुठे, देवळात?

सगळं_माहितीये:
तिथे बिल्डरला विकायला फ्लॅट मिळतात म्हणून तो देतो. गावात कोण देणार? उगाच तुलना.

मुंबईकर_मूळ_बीड:
सरकारने द्यावं. १ लाख २० हजार २०१६ पासून तेवढेच आहेत, सिमेंट तेवढंच राहिलं का? २०२५ मध्ये राज्याने वरून ५० हजार जाहीर केले त्यातले १५ सोलरचे.

वाळूवाला_नाही_मी:
घरकुलाला ५ ब्रास वाळू फुकट आहे, तहसीलला विचारा. ट्रॅक्टरचं भाडं मात्र तुमचं.

मराठवाडी_गडी:
वाळू नको हो, हप्ता कुठाय ते सांगा. इंजिनियर येऊन फोटो काढून गेलाय.

कोकणचा_वारा:
मग नोंदणी क्रमांक टाकून योजनेच्या वेबसाइटवर बघा एफटीओ (खात्यात पैसे पाठवायचा आदेश) निघालाय का. आणि रोहयोची ९० दिवसांची मजुरी वेगळी मिळते, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) काढलंय का? २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, खोलीचं भाडं तरी सुटेल.

मराठवाडी_गडी:
मस्टरचं कुणी बोललंच नाही. जॉबकार्ड आहे आईचं. एफटीओ निघालाय दाखवतंय पण पासबुकात काही नाही.

रिटायर्ड_ग्रामसेवक:
आईची खाती किती?

मराठवाडी_गडी:
एक जिल्हा बँकेत, तेच दिलंय. जनधनचं पण आहे पण ते कुणी वापरत नाही.

रिटायर्ड_ग्रामसेवक:
आधार शेवटचं ज्या खात्याला मॅप झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिकडे पैसे गेले असणार, अशा केसेस पुष्कळ बघितल्यात. जनधनचं पासबुक आधी भरून आणा, मग पंचायत समितीत भांडायला जा.

मराठवाडी_गडी:
उद्या बँक चालू आहे का? दुसरा शनिवार ना?

वाळूवाला_नाही_मी:
बंद आहे, सोमवारी जा. तहसील तिथून जवळच असेल, वाळूचं पण विचारून या.