वृंदावनातील तुळस वर्षभरही का टिकत नाही?

प्रश्न : अंगणवेल (आर्वी तालुका)

आमच्या अंगणातील सिमेंटच्या वृंदावनात गेल्या तीन वर्षांत चार तुळशी लावल्या आणि चारही गेल्या. दोन भर पावसाळ्यात गेल्या, तिसरी नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) करपली आणि चौथी तुळशीच्या लग्नापर्यंत मंजिऱ्यांनी लदलेली असूनही पौषात तिच्या नुसत्या काड्या उरल्या. माती वावरातील काळी आहे आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले जाते. पावसाळ्यातील रोप उपटले तेव्हा मुळ्या काळ्या पडून त्यांना कुजका वास येत होता. तुळस बहुवर्षायू आहे असे वाचले आहे, मग आमचे नेमके काय चुकते?

उत्तर : काळी माती

ताई, सर्वप्रथम वृंदावनाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्र आहे का, ते पाहा. आमच्याकडे गवंडी ते ठेवतच नाहीत, कारण ओटा खराब होतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते, वाळली की आक्रसून भेगाळते व त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. तिच्यात कपाशी साधते, कारण तिथे मुळ्यांना खोल जायला जागा असते. हातभर रुंदीच्या बंद चौकोनात तीच माती तुळशीचा जीव घेते. तळाशी छिद्र पाडून त्यावर विटांचे तुकडे टाका आणि एक भाग काळी माती, एक भाग रेती व एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरा. पावसाळ्यात रोज तांब्या रिता करण्याऐवजी पळीभर पाणी घातले, तरी पूजा होते.

उत्तर : सांदवाडी

वरील उत्तराशी सहमत आहे. परंतु चौथ्या तुळशीचे कारण मला निराळे वाटते. मंजिरीत बी भरू लागले की झाडाचा सारा जोर तिकडे जातो, फांद्या लाकडासारख्या होतात आणि नवी पाने फुटत नाहीत. त्यातच डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरला, की आधीच थकलेले झाड पाने गाळते. मंजिरी कोवळी असतानाच खालच्या पानांच्या जोडीसह खुडावी. खुडलेल्या जागी दोन फांद्या फुटतात. छाटताना प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पाने राहू द्यावीत, कारण अगदी जुन्या, उघड्या लाकडावर पुन्हा फुटवा येईलच असे नाही. काड्या उरलेले झाडही लगेच उपटू नका. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवे दिसले, तर ते जिवंत आहे.

अंगणवेल

साल खरवडली, आत तपकिरी निघाले. म्हणजे ती गेलीच. मंजिरी खुडणे मात्र सासूबाईंना मान्य होणार नाही. तुळशीला नख लावू नये, असे त्या म्हणतात.

उत्तर : वारकरी काकू

बाई, त्यांना सांग की खुडलेली मंजिरी वाया जात नाही, ती पांडुरंगाच्या गळ्यात जाते. आमच्या घरी एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी मंजिऱ्या खुडून हार करतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा झाडाची छाटणी आपोआप होते. सगळ्याच मंजिऱ्या काढाव्यात, हे मात्र मला पटत नाही. सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या परसात, एक झाड जमिनीत लावून ते फुलू द्यावे. त्यावर दिवसभर मधमाश्या असतात आणि बीही मिळते. वाळलेल्या मंजिरीच्या एकेका टोपणात चार बिया असतात. त्या फार बारीक असल्याने रेतीत मिसळून वर वर पेराव्यात, खोल पुरल्या तर उगवत नाहीत. साधारण 8 ते 12 दिवसांत कोंब दिसतात. वृंदावनात एक रोप असले, तरी दोन रोपे कुंडीत राखीव ठेवावीत.

उत्तर : काळी माती

उन्हाळ्याबद्दल सांगायचे राहिले. नवतप्यात सिमेंटच्या भिंती चारही बाजूंनी तापतात आणि मुळ्या आत भाजतात. तेव्हा वृंदावनाला ओले गोणपाट गुंडाळावे, वरून तुराट्यांची सावली करावी आणि पाणी सकाळ-संध्याकाळ द्यावे. पाने चुरमडून मागे बारीक काळपट किडे दिसले, तर 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारावी. फवारलेली पाने चहात टाकण्यापूर्वी आठवडाभर थांबा. आणखी एक, दिवा बुंध्याला चिकटून ठेवत असाल तर तो वीतभर दूर सरकवा. त्या आचेने साल जळते.