शांतीचे दूत रडले, त्यात त्यांचं काय चुकलं?

वाटसरू (धागा):
बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (३३:७) शांतीचे दूत ओक्साबोक्शी रडतात. देवाला सोडून वाटाघाटींच्या नादी लागलात, आता भोगा, असा याचा अर्थ नेहमी सांगितला जातो. मला तो पटत नाही.

इ.स.पू. ७०१. यहूदा राज्याची ४६ तटबंदीची नगरं घेतली, असं अश्शूरचा राजा सन्हेरीब याचाच लेख सांगतो. यहूदाचा राजा हिज्कीयाने लाखीश नगराशी असलेल्या सन्हेरीबाला निरोप धाडला: माझं चुकलं, मागाल ते देतो. ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, ३० किक्कार सोनं. मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा उतरवलं. तरी अश्शूरचं सैन्य राजधानी यरुशलेमच्या वेशीशी आलंच. हिज्कीयाचे अधिकारी एल्याकीम, शेबना आणि यवाह बोलणी करायला गेले आणि दुःखाने फाडलेल्या वस्त्रांनी परतले.

कातळ:
चूक आधीची आहे. अश्शूरविरुद्ध बंड केलं ते इजिप्तच्या भरवशावर. फारोच्या सावलीत लाजच पदरी पडेल, हे यशया कानीकपाळी ओरडून सांगत होता (अध्याय ३०). शेबना तर स्वतःसाठी उंचावर थडगं खोदून घेत होता, त्यावरून संदेष्ट्याने त्याला झाडलंय. त्याच्या रडण्याने मी का विरघळावं?

वाटसरू:
शेबनाचं मान्य. पण त्याच २२व्या अध्यायात यशया म्हणतो, माझ्याकडे पाहू नका, मला रडू द्या. हिब्रूत तिथेही कडूपणाचाच धातू आहे, जो या दूतांच्या रडण्याला लावलाय. स्वतःच्या दुःखाचा शब्द कोणी हिणवायला वापरतं का?

ओवी:
पुढची ओळही बघा. करार मोडला, आणि रूढ हिब्रू पाठाप्रमाणे 'नगरं' तुच्छ लेखली. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या प्राचीन मोठ्या यशया गुंडाळीत मात्र 'साक्षीदार' आहे. दोन्ही शब्दांत फरक द आणि र यांचा, आणि हिब्रूत ही अक्षरं सहज एकमेकांसारखी दिसतात. मला साक्षीदारच बरोबर वाटतं. मग बोट सरळ शब्द मोडणाऱ्याकडे जातं. लगेच भूमी शोक करते, लबानोन कोमेजतो.

कातळ:
साक्षीदार पटलं. पण ३३व्या अध्यायात अश्शूरचं नावच नाही, ७०१ शी जोडणं हा आपला तर्क. आणि ३७:३६ मध्ये अश्शूरची छावणी मारतो तो परमेश्वराचा दूत. हिब्रू शब्द तोच, 'मलाख'. माणसांचे दूत हरले तिथे हा पुरला. ग्रंथाचा कौल मला तरी स्पष्ट दिसतो.

वाटसरू:
यरुशलेमपुरता, हो. लाखीशचा पाडाव अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातल्या शिल्पपटांवर कोरलाय, आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडीवर बायका-मुलं बसलीत, सामान लादलंय. त्यांच्यासाठी कुठलाच दूत आला नाही.