मदत हवी आहे: अकीकाचा गोल गोटा स्लॅब सॉच्या व्हाइसमध्ये फिरतो

सॉ (दगडाचे काप काढायची यांत्रिक करवत) १८ इंची, कूलंट (पातं थंड ठेवणारा द्रव) तेलाचं, स्क्रू फीड (गोटा स्क्रूने पात्याकडे सरकतो). गोटे दख्खनच्या बेसाल्टमधले, १० ते १२ सेंमी, बटाट्यासारखे. व्हाइसच्या (दगड धरणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्यांना लाकूड लावलंय. पातं दोनेक सेंमी आत गेलं की गोटा किंचित फिरतो, पातं अडकतं आणि पट्टा घसरतो. जास्त आवळलं तर गोटा वर निसटतो. उपाय?

प्रतिसाद १
आवळून काही होणार नाही. गोटा दोनच ठिकाणी टेकलाय, म्हणजे त्या दोन बिंदूंमधल्या रेषेवर तो चाकासारखा फिरणार. तिसरा टेकू द्या. खालच्या पोकळीत पाचर ठोका, पण पॅकिंगच्या खोक्याच्या मऊ पाइनची. त्यात दगड रुततो, सागवानावरून सटकतो. गोटा जबड्याच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा घाला, नाहीतर जबडा तिरका होतो आणि पकड फक्त कडेला राहते. मग हाताने जोर लावून बघा: हलली तर अख्खी व्हाइस हलावी, गोटा एकटा नाही.

प्रतिसाद २
एका कापापुरत्या पाचरी ठीक. पाच-सहा काप काढायचे तर प्लास्टर ऑफ पॅरिसच बरं. गोटा भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, तेलकट दगडाला प्लास्टर धरत नाही. लाकडी ठोकळ्यात चार-पाच स्क्रू अर्धे बाहेर ठेवून पिळा, भोवती टेट्रापॅकचा कापलेला खोका बसवा. दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. गोट्याचा तिसरा हिस्सा बुडू द्या. अर्ध्या तासात घट्ट होतं, पण किमान एक दिवस वाळू द्या. व्हाइसमध्ये लाकूड धरा, प्लास्टर धरलंत तर भुगा होईल. कूलंट पाण्याचं असतं तर प्लास्टर भिजून ढिलं पडलं असतं. तिथे इपॉक्सी लागतं.

धागाकर्ता
प्लास्टर केलं, गोटा आता हलत नाही. पण काप सुरुवातीलाच तिरका जातो.

प्रतिसाद १
ते पकडीचं दुखणं नाही. पातं उतारावर टेकलं की त्याची कड उताराच्या बाजूला सरकते. गोटा असा बसवा की पातं पृष्ठभागाला काटकोनात भिडेल, आणि पहिला सेंमीभर फीड अगदी हळू. तरीही तिरका गेला तर पात्याला बाक आलाय का बघा: कडेजवळ एक खिळा स्थिर धरून पातं हाताने फिरवा, फट कमी-जास्त होते का ते दिसेल.

आणि पुढे कधी अडकलं तर व्हाइस सैल करू नका, गोटा खाली बसून पातं वाकवेल. मोटर बंद, पातं थांबू द्या, फीड सोडवा आणि कॅरेज (व्हाइस बसवलेला सरकता गाडा) सरळ मागे ओढा.