डून, मेयो आणि 'फक्त मुलगे': परंपरा की नुसती सवय?

घंटाळीकर:
भाच्याला सातवीपासून डेहराडूनच्या डून स्कूलला, म्हणजे फक्त मुलग्यांच्या बोर्डिंग शाळेत, घालायचं का, यावरून आमच्याकडे खडाजंगी चालू आहे. मेव्हण्यांचा एकच धोशा, "परंपरा असलेली शाळा आहे." फी वर्षाला दहा लाखांच्या वर, पण तो विषय इथे नको. ती परंपरा काय आहे ते जरा बघितलं.

शाळा उघडली १९३५ साली. कल्पना बॅरिस्टर सतीश रंजन दास यांची; ते १९२८ मध्येच गेले. पहिले हेडमास्तर आर्थर फूट, थेट इंग्लंडच्या ईटन शाळेतून आणलेले. त्याआधी, १८७५ पासून, संस्थानिकांच्या पोरांसाठी अजमेरचं मेयो कॉलेज होतं. तिथले पहिले विद्यार्थी अलवारचे मंगलसिंह, आले ते हत्तीवरून, लवाजम्यासकट. डूनला हा थाट नको होता. आणि शाळागीत कोणतं निवडलं? 'जन गण मन'. राष्ट्रगीत व्हायच्या १५ वर्षं आधी, इंग्रजांच्या राज्यात, इंग्रज हेडमास्तरांच्या शाळेत! मला तर हे सगळ्यात भारी वाटलं.

पण यातलं काय मुली आल्या तर बिघडणार आहे? मेव्हण्यांकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

कोपरीवाला:
असहमत. मी मुलग्यांच्या बोर्डिंगमध्ये वाढलोय (शाळेचं नाव नको). गॅदरिंगच्या नाटकात स्त्री पार्टी मीच, सलग. बालगंधर्वांचा वारसा म्हणा हवं तर! कोणी फिदीफिदी हसलं नाही. मुली बघतायत म्हणून भाव खाणं नाही, की लाजून मागच्या बाकावर बसणं नाही. चौदाव्या वर्षी हा मोकळेपणा फार मोठा असतो. डूनचंच घ्या: तिथले शिक्षक गुरदयाल सिंग १९५१ मध्ये त्रिशूल शिखर चढले. असे मास्तर चोवीस तास सोबत असले की पोरं घडतात. कशाला हात लावायचा त्याला?

वाशी_सेक्टर१७:
स्त्री पार्टी, छान. आणि सिनियरांचे बूट कोण पुसायचं?

माझ्या भावाला अकराव्या वर्षी अशाच एका शाळेत टाकलं. कपड्यांवर नंबर हवा, म्हणून आईने बनियनपासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर कापडी पट्ट्या शिवल्या. दिवाळीला आला तेव्हा ट्रंकेत चार मोजे, चौघांवर वेगवेगळे नंबर, त्याचा एकही नाही. आईने विचारलं तर म्हणे, "सिनियर घेतात, विचारायचं नसतं."

हेही परंपरेतच बसतं बरं का. ज्युनियरने सिनियरची हमाली करायची, याला इंग्लंडच्या या शाळांत रीतसर 'फॅगिंग' म्हणत. ईटनने ते बंद केलं १९८० मध्ये! आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. रात्री दिवे मालवल्यावर डॉर्मिटरीत कलम १७ कोण वाचून दाखवणार?

कोपरीवाला:
मोजे आमचेही गेलेत, ताई. पण मुली आल्या की मोजे जायचे थांबतात का? रॅगिंग एकत्र कॉलेजांतही होतंच. हा प्रश्न वॉर्डनचा आहे.

ऐरोली_नाका:
सैनिक शाळांकडे बघा की. साताऱ्याची १९६१ ची, देशातली पहिली. साठ वर्षं फक्त मुलगे. कारणं हीच सगळी: शिस्त, राहायची सोय, परंपरा. २०२१-२२ पासून मुली घेतल्या. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीएत २०२२ ला गेल्या आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी पास आउट झाल्या. पीटी पहाटेचीच आहे अजून, कोणी नऊची केली नाही.

पाचपाखाडी_आजी:
मग मुलींच्या शाळाही मोडा. मी मुलींच्या शाळेत शिकले, वर्गाची मॉनिटर, खो-खोची कॅप्टन, सगळ्या मुलीच. एकत्र शाळेत माझ्या वाट्याला रांगोळी आली असती. पुण्याची हुजूरपागा १८८४ ची, अजून उभी आहे. तुम्ही एकाला न्याय लावाल तो दुसऱ्याला लावायला नको?

घंटाळीकर:
आजी, तुमचा मुद्दा जोरदार आहे, पण न्याय सारखा कसा? हुजूरपागा निघाली तेव्हा मुलींना तसलं शिक्षण द्यायलाच विरोध होता, खुद्द टिळकांचा तिथल्या अभ्यासक्रमाला होता. तिथे बंद दार उघडलं गेलं. डूनमध्ये काय बंद आहे बघा. राजीव गांधी तिथलेच, ते पंतप्रधान झाल्यावर दिल्लीत 'डॉस्को', म्हणजे डूनच्या माजी विद्यार्थी, मंडळींचा बोलबाला केवढा! दहा लाख भरून बाप खरं तर ही ओळखपाळख विकत घेतो. ती फक्त मुलग्यांनाच का मिळावी? मेयोने निदान मुलींसाठी वेगळी शाळा तरी काढली.

कोपरीवाला:
ओळखी मिळतात म्हणून शाळा वाईट, हे अजब आहे. त्या तर वसंत विहारच्या क्लबातही मिळतात.

वाशी_सेक्टर१७:
क्लबात बायकांना घेतात हो.

कोपरीवाला:
😄 बरं, भाचा परीक्षेला बसणार आहे का नक्की? गणित कसं आहे?

घंटाळीकर:
गणित बरं आहे. कर्जतच्या शिबिराला पाठवला होता, तर दुसऱ्याच सकाळी आईला फोन, न्यायला या म्हणून.