मदत हवी आहे : आमच्या कुत्र्याच्या, खंड्याच्या डोळ्यात बुरशी, नॅटामायसिन (बुरशीवरचा ड्रॉप) चालू आहे, पुढे कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही लांज्याजवळ राहतो. आमचा कुत्रा खंड्या, गावठीच, ६ वर्षांचा. दिवाळीआधी भातकापणी चालू होती तेव्हा हा दिवसभर खळ्यावर, उडवीत (भाताच्या भाऱ्यांच्या राशीत) तोंड खुपसून उंदीर हुसकायचा, त्यातच उजव्या डोळ्यात कुसळ गेलं असणार. संध्याकाळी डोळा मिटून पडवीत बसला, घळाघळा पाणी. जवळच्या डॉक्टरांनी ड्रॉप दिला, चार दिवसांत लाली गेली, आम्हाला वाटलं सुटलो, आणि मग बुबुळावर पांढरट डाग आला, साबुदाण्याएवढा, कड पिंजलेल्या कापसासारखी.

रत्नागिरीला नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी आधी त्या ड्रॉपची बाटली वाचली. यात स्टिरॉइड आहे, म्हणाले, बुबुळाला जखम असताना हे घालायचं नसतं, बुरशीला रान मोकळं मिळतं. चार दिवस तो ड्रॉप मीच घातलाय हो, झोप लागत नाही.

रंगाची पट्टी लावून निळ्या बॅटरीत बघितलं तर जखम हिरवीगार चमकली. मग डोळा सुन्न करून कड हलकेच खरवडली, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले. कुत्र्यांत हे कमी, घोड्यांत जास्त, भातशेतीतल्या माणसांनाही होतं म्हणे. कल्चरचा (बुरशी वाढवून ती कुठली ते बघतात त्याचा) रिपोर्ट यायचाय.

आता नॅटामायसिन ५ टक्के दर दोन तासांनी, अ‍ॅट्रोपिन (दुखणं कमी करायला) वेगळं, मध्ये १० मिनिटं सोडून. बाटली नीट हलवावी लागते, औषध पापणीच्या केसांना चुन्यासारखं चिकटतं, मी कोमट पाण्याच्या कापसाने पुसते. रात्रीचे डोस आई देते, ती मांडीवर डोकं घेते तेव्हाच तो गप्प राहतो. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात कोन आहेच.

नॅटामायसिनचा आज ९ वा दिवस. डाग वाढला नाही पण कमीही नाही. डॉक्टर म्हणतात कित्येक आठवडे लागतील, नाहीतर व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध बघू. कुणाच्या कुत्र्याला असं झालंय का, फरक कधी दिसला? नजर राहिली का? मध, तूप घाला असं कृपया कुणी सांगू नका.

आणि प्राण्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करणारे कोल्हापुरात कुणी आहेत का, की थेट मुंबईला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यावं? खंड्या गाडीत ओकतो, एवढ्या लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी ड्रॉप कसे घातलेत तेही सांगा.