पुराच्या वेळी आपली लोकल चॅनेलं नेमकं काय दाखवतात?

वाळवंटीकाठ:
मी नोकरीला पुण्यात, घर गोव्यात साखळी गावी बाजाराच्या मागे, आई-बाबा दोघंच असतात. पाऊस लागला की मी इथं मोबाइलवर गोव्यातली दोन-तीन चॅनेलं लाइव्ह लावून बसतो आणि दरवेळी तेच, पणजीचा अठरा जून रस्ता, पाण्यात बंद पडलेली स्कूटर, कुठंतरी गाडीवर पडलेला माड, खाली पट्टी 'राज्यात मुसळधार'. अहो पण अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले का, वाळवंटी नदी किती चढली, ते कोण सांगणार? गेल्या पावसात एका चॅनेलवर साखळी बाजारात कंबरभर पाणी दाखवलं, माझे हातपायच गळाले, फोन लावला तर बाबा पडवीत चहा पीत होते, म्हणाले रस्ता सुका आहे रे. व्हिडिओ जुना होता, वर तारीख नाही वेळ नाही. आणि पुढच्याच आठवड्यात रात्री पाणी खरंच मागीलदारच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा टीव्हीवर कुणाची तरी मुलाखत चालू होती. शेजारच्या काकांनी हाक मारली म्हणून बाबांनी तांदळाची पोती बाकावर चढवली, नाहीतर गेलीच होती. पाणी यायच्या आधीची बातमी गोव्यात कुठं मिळते कुणी सांगेल का?

जुना_स्ट्रिंगर:
मी बरीच वर्षं सत्तरीतून एका चॅनेलला व्हिडिओ पाठवायचो म्हणून सांगतो. अठरा जून रस्ता दिसतो कारण ऑफिस पणजीत, कॅमेरामन जिना उतरला की शॉट तयार. आमच्याकडे अख्ख्या तालुक्याला एक माणूस, स्वतःची बाइक, स्वतःचा मोबाइल, पैसे व्हिडिओमागे. आता नदी वाढतेय याचा व्हिडिओ होत नाही, घरात शिरली की होतो. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला, मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा म्हटलं होतं तो. त्या दिवशी गांजेत एक आजी मला नदी दाखवून म्हणाली, पाणी बघ कसं गढूळ झालंय, त्यात लाकडं पण येतायत, वर घाटात भरपूर पडलाय, हे अजून वाढणार. मी लगेच ऑफिसला फोन केला, उत्तर आलं व्हिज्युअल पाठव. व्हिज्युअल मिळालं तोवर मातीच्या घरांच्या भिंती बसायला लागल्या होत्या. रिपोर्टर पाण्यात उभा राहून बोलतो त्याला माझं काही म्हणणं नाही, तीही मेहनतच आहे, पण त्या आजीचं वाक्य त्या दिवशी बातमीत जायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

शापोराकाठचा:
आमच्या पेडण्यात तर वेगळंच. तिळारी धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात, पाणी सोडलं की शापोरा नदीतून आमच्या अंगावर. ऑगस्ट २०१९ ला इब्रामपूर, हणखणे, तिकडे साळ, सगळीकडे शिरलं. आकाश उघडलं असलं तरी पाणी चढत असतं आणि टीव्हीवाले सांगतात पावसाचा जोर ओसरला, मग लोक निवांत होतात, गुरं सोडतात. धरणातून किती पाणी कधी सोडलं एवढी एक ओळ पट्टीवर फिरवा ना, त्याला कॅमेरा कशाला लागतो?

मळा_पणजी:
अठरा जूनला नावं ठेवू नका हो, पणजीतच आमच्या मळा भागात पण घरात पाणी येतं :) पण मुद्दा बरोबर आहे. मला तर 'रेड अलर्ट' शब्दाचाच राग येतो. हवामान खात्याचा रेड म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पडू शकतो, आणि तो सगळ्या जिल्ह्याला असतो. चॅनेलवर तो लाल डब्यात दिवसभर लुकलुकत राहतो, सकाळचा की संध्याकाळचा कळतच नाही. पुढच्या तीन तासांचा अंदाज खातं वेगळा देतं, पणजीत आल्तिनोवर रडार आहे, त्याची चित्रं वेबसाइटवर कुणालाही दिसतात. तो तीन तासांचा अंदाज वाचून दाखवला आणि सोबत भरतीची वेळ सांगितली तर निम्मं काम झालं, कारण भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की मांडवी आमचं पाणी घेतच नाही, गटारं उलटी वाहतात.

जुना_स्ट्रिंगर:
आणि एक, वादळात वीज जाते. तौक्तेच्या वेळी मे २०२१ ला कितीतरी गावांत दिवसच्या दिवस नव्हती, मग टीव्ही कुठला, सेट-टॉप बॉक्स कुठला. आईबाबांना सेलवर चालणारा एक रेडिओ घेऊन द्या, आकाशवाणी पणजी लागते. मोबाइलवर पूर्ण विसंबू नका, टॉवरसुद्धा जातो.

वाळवंटीकाठ:
रेडिओचं लक्षात आलं नव्हतं, चवथीला येतो तेव्हा घेऊनच येतो. चॅनेलला पत्र लिहायला घेतलंय, धरणाचा आकडा, भरतीची वेळ, आणि प्रत्येक व्हिडिओवर गाव, तारीख, वेळ. शापोराकाठचे भाऊ, तिळारीचं तुम्ही लिहून द्या, मी जोडतो. आत्ताच बाबांशी बोललो, पाऊस चालू आहे, पाणी पहिल्या पायरीच्या खाली आहे.